साहेब माफी मागतायत

हवालदाराने पहिल्यांदा अडवलं तेव्हा आमच्या जर्मनाला चक्क आनंद झाला. मी त्याच्या स्कूटरवर मागे बसले होते, म्हणून नीट आठवतंय. शिट्टी ऐकताच त्याने स्कूटर डावीकडे घेतली, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि लायसन्स, गाडीचे कागद, विम्याचा कागद असं सगळं हवालदारापुढे धरलं. हवालदार दोन पावलं मागे सरकला. पुण्यात शिट्टी वाजली की लोक आधी वेग वाढवतात आणि मग मागे वळून बघतात. आपणहून कागद काढणारा माणूस त्याने उभ्या नोकरीत पाहिला नसावा.

गोष्ट नव्वदीचं दशक सरतानाची. शहराच्या कडेला ज्वारीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या आणि ज्याला त्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची घाई झाली होती. मी मात्र संध्याकाळचे वर्ग करून जर्मन शिकले होते. आमचं घर बिबवेवाडीत. बाबा सरकारी नोकरीपायी भंडाऱ्याहून इथे आलेले. ते म्हणायचे, "जर्मन शिकून करणार काय, जर्मनांशी भांडणार का?" तर झालं असं की एका सॉफ्टवेअर कंपनीला जर्मन पाहुण्यांसाठी दुभाषी हव्या होत्या आणि माझ्या वाट्याला हा आला. पन्नाशीचा, उंच, पूर्व जर्मनीत वाढलेला. शाळेत इंग्रजीऐवजी रशियन शिकलेला, त्यामुळे बँकेत, दवाखान्यात, दुधवाल्याशी, सगळीकडे त्याच्या वतीने बोलायला मी. त्याचा प्रत्येक कागद जर्मनमध्ये असायचा आणि मी भाषांतर केल्याशिवाय साहेबांना त्यातलं एक अक्षर कळायचं नाही.

साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. वर्षअखेरीला तीन दुभाष्यांपैकी एकीला ते सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवणार होते. मला त्यांनी सरळच सांगितलं, "दोन कागद आण. एक पोलिसांचा दाखला, तुझ्या नावावर काही भानगड नाही असा. दुसरं तुझ्या पाहुण्याचं पत्र. ते चांगलं आलं की तू गेलीस म्हणून समज." आमच्या घरात पासपोर्ट काढणारी मी पहिलीच. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेनासं झालं. पाहुणा खूश राहिला पाहिजे आणि पोलिसांपासून लांब राहिलं पाहिजे, एवढंच डोक्यात. आणि पाहुणा कसला, तर पोलिस दिसला की आपणहून गप्पा मारायला जाणारा.

"साहेबांना सांगा, नो एंट्री आहे," हवालदार मला म्हणाला. पाटी होती खरी. पण तिच्यावर कुणा दादांच्या वाढदिवसाचा फलक बांधला होता, त्यामुळे नुसता खांब दिसत होता. स्वतः हवालदार पंधरा पावलं पुढे वडाच्या बुंध्याआड उभा होता.

मी जर्मनाला सांगितलं. तो म्हणाला, "चूक माझी आहे. दंड भरतो. पावती हवी."

हवालदाराचा चेहरा पडला. "पावती कशाला? पाहुणे आहेत, जाऊ द्या."

"का जाऊ द्या?" जर्मन म्हणाला. "मी नियम मोडला आहे."

"अहो मॅडम, पण त्यांचं नाव केवढं आहे," हवालदार लायसन्सकडे बघत म्हणाला. "माझ्या पुस्तकात तेवढी रेघच नाही."

मग जर्मनाने एक भाषण केलं. अगदी शांतपणे. तुम्ही झाडामागे उभे राहता, त्याऐवजी पंधरा पावलं अलीकडे पाटीपाशी उभे राहिलात तर कुणी आत येणारच नाही. तुम्ही चूक थांबवत नाही, चुकीची वाट बघता. हे काम पोलिसाचं नसून शिकाऱ्याचं आहे. वर हे त्याच्या वरिष्ठांना लेखी कळवायची तयारीही दाखवली.

"काय म्हणतायत?" हवालदाराने विचारलं.

"साहेब माफी मागतायत," मी म्हटलं.

हवालदार विरघळला. अर्ध्या तासाने का होईना, नाव दोन रेघांत लिहून पावती फाडली. जर्मन स्कूटर चालू करताना म्हणाला, "मी बरंच बोललो होतो. तुमचं फार थोडक्यात झालं."

"मराठीत थोडक्यात होतं," मी म्हटलं.

तिथून मला ती सवयच लागली. तो म्हणायचा, या चौकात एकाच वेळी दोन्ही बाजूंचा सिग्नल हिरवा होतो, हे कुणाच्या लक्षात आलं आहे का? मी सांगायचे, साहेब नवीन आहेत. तो म्हणायचा, तुम्ही मला सोडलंत आणि माझ्या मागच्या पोराला धरलंत, दोघांनी चूक तर एकच केली. मी सांगायचे, साहेब तुमचे आभार मानतायत. गोरी कातडी बघून सोडत, हे काय मला दिसत नव्हतं? पण ते भाषांतर करून माझा दाखला कोण देणार होतं? मला त्यात खोटं वाटायचंच नाही. भांडण लागू न देणं हे माझं काम, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

रविवारी सकाळी हे सगळे परदेशी कोरेगाव पार्कात एकाच्या गच्चीवर नाश्त्याला जमत आणि मलाही जावं लागे. तिथे विषय एकच, पुण्याची वाहतूक. एक फ्रेंच बाई म्हणायची की हा रस्ता म्हणजे नदी आहे, तिच्यात स्वतःला सोडून द्यायचं असतं. ती स्वतः ड्रायव्हर ठेवून होती, सोडून जे काही द्यायचं ते ड्रायव्हर द्यायचा. एक अमेरिकन हवालदाराला लायसन्स म्हणून त्याच्या गावच्या वाचनालयाचं कार्ड दाखवायचा आणि सुटायचा, त्याचं त्याला कोण कौतुक. घरी असताना हीच माणसं लाल दिव्याला मुकाट उभी राहत असणार. इथे आली की महिन्याभरात त्यांना आमच्या बेशिस्तीत अध्यात्म दिसायला लागायचं, आणि दुसऱ्या महिन्यात ती आमच्याच बरोबरीने फुटपाथवरून गाड्या घालायची. आमचा जर्मन ऑम्लेट खाता खाता म्हणायचा, "यात गूढ काही नाही. लोक थांबत नाहीत, एवढंच आहे." मग फ्रेंच बाई पुन्हा नदीवर यायची.

मी त्याच्यावर हसायचे. सिग्नल पिवळा झाला की तो थांबे आणि मागचे तीन जण त्याच्यावर येऊन आदळत. हेल्मेट घालून भाजी आणायला जाई. पुण्यात हेल्मेटची सक्ती म्हटलं की अख्खं गाव राज्यघटना वाचायला बसतं, आणि हा बाबा हेल्मेट घालून मंडईत मेथीची जुडी निवडत उभा. भाजीवाल्या बाईने त्याला रंग शिकवले होते, लाल भोपळा, हिरवी मिरची. सोसायटीच्या वॉचमनने बाकीचं. "उद्या दूध नको" असं तो दुधवाल्याला म्हणालेला मी एकदा ऐकलं होतं. ऐकून मला गंमत वाटली, त्यापलीकडे मी विचार केला नाही. तिथेच चुकलं माझं.

डिसेंबरातल्या एका सकाळी त्याची स्कूटर गॅरेजला होती आणि त्याला परदेशी नागरिकांच्या नोंदणीसाठी पोलिसांच्या कचेरीत जायचं होतं. माझा दाखलाही तिथेच, त्याच आठवड्यात मिळायचा होता. मी म्हटलं, चला, माझ्या स्कूटरवर. मी पुढे, तोंडाला ओढणी गुंडाळून, आणि मागे हा सहा फुटी माणूस हेल्मेट घालून. उशीर झाला होता. कसब्याजवळच्या चौकात आलो तेव्हा समोरची गर्दी ओसरली होती. आपला सिग्नल व्हायचाच असतो आणि आडव्या रस्त्याला कुणी दिसत नसतं, तेव्हा आम्ही काय करतो ते पुणेकराला सांगायला नको.

सिग्नल लाल होता. आज लिहिते आहे, त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

मागून तो म्हणाला, "लाल आहे."

"दिसतंय," मी म्हटलं आणि गाडी घातली.

डावीकडून सायकल आली. सायकलवर एक साठीकडे झुकलेले गृहस्थ आणि कॅरियरला दोरीने बांधलेली दोन तांब्याची घंगाळी. मी ब्रेक दाबला, पण माझं पुढचं चाक त्यांच्या मागच्या चाकाला लागलंच. ते उजव्या हातावर पडले. एक घंगाळं सुटून चौकभर आवाज करत गेलं आणि पीएमटीच्या बसखाली जाता जाता राहिलं. आम्हा दोघांना खरचटलं सुद्धा नाही. जर्मन आधी त्यांच्याकडे धावला. मी आधी चौकात हवालदार आहे का ते बघितलं. होता.

मिनिटात वीस माणसं जमली. भाजीची पिशवी घेतलेले एक काका म्हणाले, "या मुली तोंडाला फडकी बांधतात, दिसणार काय यांना, कप्पाळ?" दुसरे म्हणाले, "सायकलवाले तरी काय कमी आहेत? माल केवढा बांधलाय बघा." आणि खरं सांगते, मला त्या दुसऱ्या गृहस्थांचे पाय धरावेसे वाटले. केस झाली की दाखला गेला, आणि दाखला गेला की जर्मनी गेली. त्या माणसाचा हात मनगटापासून वेडावाकडा लोंबत होता, आणि माझ्या डोक्यात हे.

ते तांबट होते. कसब्यातच त्यांचं दुकान. हवालदाराने विचारलं, "काय झालं?" तर ते मोडका हात दुसऱ्या हाताने धरून म्हणाले, "काही नाही साहेब. माझंच लक्ष नव्हतं. सायकल आणि घंगाळी तेवढी ठेवून घेऊ नका. लग्नाची आहेत, आज पोचवायची आहेत." ते खोटं बोलत होते आणि का ते मला कळत होतं. केस केली की माल चौकीत पडून राहणार आणि त्यांना तारखांना हेलपाटे. मला बरं वाटलं. लाज नाही वाटली त्या क्षणी, बरंच वाटलं.

हवालदारालाही बरं वाटलं. त्याने वही उघडलीच नव्हती. पण एवढा गोरा साक्षीदार समोर उभा, विचारल्याशिवाय कसं राहायचं? "मॅडम, तुमच्या साहेबांनी पाहिलं असेल ना? काय म्हणतात?"

जर्मन माझ्याकडे वळून त्याच्या नेहमीच्या शांतपणे बोलला. सिग्नल लाल होता. मी हिला सांगितलं, ही म्हणाली दिसतंय. या गृहस्थांची काहीच चूक नाही. साक्षीदार म्हणून माझं नाव लिहा.

"काय म्हणतायत?"

"साहेब म्हणतायत, त्यांना मागून काही दिसलं नाही," मी म्हटलं. तेवढ्यावर थांबायचं, तर तेही नाही. "झाल्या प्रकाराबद्दल साहेब माफी मागतायत."

जर्मनाने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने हेल्मेट काढलं, हवालदारासमोर जाऊन उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून मराठीत म्हणाला, "नाही. सिग्नल लाल होता. मॅडम थांबल्या नाही. सायकल बरोबर. मॅडम चूक."

मला वाटलं, संपलं.

हवालदाराचा चेहरा उजळला. "अरे वा," तो म्हणाला. "साहेब मराठी बोलतात की."

"काय स्पष्ट बोलतात हो," भाजीच्या पिशवीवाले काका म्हणाले. "आमच्या नातवाला येत नाही एवढं. इंग्रजी शाळेत घातलाय ना."

"सिग्नल लाल होता," जर्मन पुन्हा म्हणाला.

"ऐका, ऐका," कुणीतरी मागच्यांना म्हणालं. दोन कॉलेजची मुलं पुढे घुसली. त्यांनी त्याला विचारलं की पुण्यात किती वर्षं आहात, वडापाव आवडतो का. समोरच्या अमृततुल्यवाल्याने न सांगता चहाचा कप पाठवला. हवालदार त्या मुलांना सुनावत होता, "बघा, सातासमुद्रापलीकडचा माणूस आपली भाषा शिकतो, आणि तुम्ही आईला मम्मी म्हणता." जर्मन हातात तो कप घेऊन तिसऱ्यांदा म्हणाला, "मॅडम चूक," तेव्हा लोक हसले आणि एकाने टाळी वाजवली.

हवालदाराने मला विचारलं, "कुणी शिकवलं हो यांना?"

"मीच," मी म्हटलं.

त्या गर्दीत त्याचं बोलणं ज्यांनी खरोखर ऐकलं ते दोघंच, मी आणि ते तांबट. तांबट म्हणाले, "राहू द्या साहेब, आता काय त्याचं." हवालदाराने त्यांना चौकात एवढा माल आणल्याबद्दल दोन शब्द ऐकवले, मला गाडी जपून चालवायला सांगितलं आणि शिट्टी वाजवून गर्दी पांगवली. जर्मनाने चहा न पिता कप परत दिला, एक रिक्षा थांबवली, तांबटांना आत बसवलं आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेला. सायकल आणि घंगाळी माझ्याकडे राहिली.

मी स्कूटर तिथेच लावून सायकल हातात धरून त्यांचं दुकान विचारत विचारत गेले. आळीत दोन्ही बाजूंनी ठोके चालू होते. त्यांच्या दुकानात त्यांची बायको होती. मी सांगितलं, पडले, उजव्या हाताला लागलंय, दवाखान्यात नेलंय. तिने विचारलं, "कुणी उडवलं?" मी म्हटलं, "चौकात गर्दी फार होती." तिने मला पाणी दिलं. म्हणाली, "उजवा हात म्हणजे आता दोन महिने ठोका बंद. पण तुम्ही सगळं घेऊन आलात, बाई. नाहीतर एवढं कोण करतं?" मी ते पाणी प्यायले. त्या बाईचं ते आभार मानणं मला अजून झोंबतं, हवालदाराने तोंडावर शिवी घातली असती तर एवढं झोंबलं नसतं.

चार दिवसांनी दाखला मिळाला. माझ्याविरुद्ध कुठेही कसलीही नोंद नाही, असं त्यात लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं.

जर्मन त्या दिवसापासून माझ्याशी जर्मन बोलला नाही. जे काही असेल ते मोडक्यातोडक्या मराठीत. "फाइल कुठे?" "उद्या मीटिंग." ऑफिसात सगळ्यांना वाटलं, काय गोड माणूस आहे. साहेब तर म्हणाले, "तुझ्यामुळे त्याला मराठीची गोडी लागली, हं." मी हसले. मला रोज वाटायचं, आज सांगेल साहेबांना. पण सांगायचं कोणाच्या तोंडून? साहेबांना जर्मन येत नव्हतं, त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्याचं मराठी साहेबांना नुसतं गोड वाटायचं, आणि मधे मी होते.

त्याच्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. शिफारसपत्र त्याने आणलं होतं, हाताने लिहिलेलं, जर्मनमध्ये. साहेबांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि माझ्याकडे सरकवलं. "वाच बघू. काय म्हणतोय?"

तीन वाक्यं होती. यांचं जर्मन निर्दोष आहे. यांनी लाल सिग्नल मोडून एका माणसाचा हात मोडला आणि पोलिसापुढे माझी साक्ष बदलून सांगितली. यांना पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

जर्मन दाराशी उभा होता. साहेबांचा फोन वाजत होता, त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला होता. "थोडक्यात सांग गं."

"जर्मन निर्दोष आहे म्हणतायत," मी म्हटलं.

"छान. आणि?"

"बाकी नेहमीचंच," मी म्हटलं.

साहेबांनी यादीत माझ्या नावापुढे सही केली आणि फोन कानाला लावला. मी पत्राची घडी घातली. जर्मन अजून दाराशीच होता. मी काय बोलले ते त्याला शब्दन्‌शब्द कळलं होतं, आणि ते खोडून काढण्यापुरतं मराठी आता त्याला येत होतं. तो बोलला मात्र नाही. बोलला असता तर साहेबांनीही त्याच्या मराठीचं कौतुकच केलं असतं, हे त्याला तोवर कळलं होतं.